लागलेला निकाल

निकाल लागणे आणि निकाल कळणे या दोन भिन्न गोष्टी होत. एरवी हा भेद आपण मनावर घेत नाही. शाळेच्या परीक्षेत उत्तरपत्रिका तपासून होईपर्यंत काहीच ठरलेले नसते, आणि तोवर आशेला वाव असतो. परंतु अमेरिकेत परिचारिकेचा परवाना मिळवण्यासाठी जी ‘एनक्लेक्स’ परीक्षा द्यावी लागते, तिने हा वाव ठेवलेला नाही. तिची केंद्रे भारतातील ज्या शहरांत आहेत त्यांत आमचे बंगळूरही आहे. त्यामुळे बेळगावकडून येथे नोकरीस आलेल्या मुलींच्या तोंडी हे नाव आम्ही वरचेवर ऐकतो.

१९९४ सालापासून ही परीक्षा संगणकावर होते, आणि तिची रीत मोठी विलक्षण आहे. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न कठीण येतो, चुकले की सोपा. म्हणजे प्रत्येकीला तिच्या कुवतीच्या अगदी काठावर नेऊन उभे करावयाचे. मग ती हुशार असो वा कच्ची, निम्म्याच्या आसपास उत्तरे चुकावयाचीच. २०२३ च्या एप्रिलपासून प्रश्न कमीत कमी ८५ व जास्तीत जास्त १५०, आणि मुदत पाच तासांची. उमेदवार रेषेच्या वर आहे किंवा खाली आहे, अशी ९५ टक्के खात्री झाली की यंत्र मध्येच थांबते. ८५व्या प्रश्नाला थांबले म्हणून ती उत्तीर्ण, असे नाही. अनुत्तीर्ण, असेही नाही. ती खुर्चीवरून उठते तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो. तो पुन्हा एकदा ताडून पाहिला जातो, आणि अधिकृतपणे कळावयास सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

मग या सहा आठवड्यांत इच्छा तरी कसली करावयाची?

आमच्या परिचयातील एक परिचारिका हे दिवस रात्रपाळीत काढीत होती. तिच्या आईने गावाकडे सौंदत्तीच्या यल्लम्मेला नवस बोलला. घडून गेलेल्या गोष्टीसाठी नवस बोलणे हा शुद्ध भाबडेपणा, असे सुशिक्षित मनुष्य म्हणेल. परंतु प्रश्न इतका सोपा नाही. इंग्लंडमधील तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९६४ साली एका निबंधात नेमका हाच विचार केला आहे. जहाज बुडाल्याची वार्ता येते, थोडे लोक वाचल्याचे कळते, आणि एक बाप प्रार्थना करतो की, माझा मुलगा वाचलेल्यांत असावा. तो झालेले पालटावयास सांगत नाही. ईश्वर सर्वज्ञ असेल, तर आजची ही प्रार्थना त्याला त्या क्षणीही ठाऊक होती. मग ती त्या वेळी ऐकली गेली नसेल कशावरून? हा युक्तिवाद आम्हांस खोडता येत नाही, आणि त्या माऊलीला हसण्याचा अधिकार आपल्याला आहे असेही वाटत नाही.

आम्हांस अडचण वाटते ती निराळीच. नवस उशिरा बोलला यापेक्षा, मागितले काय, हे पाहावयास हवे. परवान्याची परीक्षा ही केलेल्या श्रमांचे बक्षीस नव्हे. ती कोणातरी अनोळखी रुग्णाच्या वतीने घेतली जाते. त्याला माहीत नसते की आपल्या शिरेत औषध सोडणारी ही बाई मात्रा नीट मोजू शकते की नाही. हा विश्वास परीक्षेने मिळतो का, यावर पूर्वी मोठा वाद झाला. खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा परिचारिकांच्या नोंदणीला विरोध होता. चांगल्या परिचारिकेचे शील परीक्षेने मोजता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. एथेल बेडफर्ड फेनविक यांनी उलट बाजूने दीर्घकाळ लढा दिला, आणि १९१९ साली ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा झाला. नाइटिंगेल १९१० सालीच निवर्तल्या होत्या. शील मोजता येत नाही हे आम्हांस मान्य आहे. परंतु इन्सुलिनची मात्रा मोजता येते, आणि ती चुकली असता शीलाचा उपयोग होत नाही.

हे खरे असेल, तर प्रामाणिक इच्छा एकच संभवते: ‘मी पात्र असेन तर उत्तीर्ण व्हावे.’ पण असे कोण मागेल? घरच्यांनी कर्ज काढलेले, धाकट्या भावाचे शिक्षण व्हावयाचे. फळाची आशा धरू नये हा उपदेश, ज्यांच्या घरी हप्ते थकलेले नाहीत अशांनी तिला करणे आम्हांस तरी शोभत नाही. शिवाय येथल्या नोंदणीने ती परिचारिका आहेच. काल रात्री तिने ज्या हातांनी रुग्णाची कूस बदलली, सलाईनचे थेंब मोजले, तेच हात तिकडे अद्याप लायक ठरावयाचे आहेत. ही विसंगती तिच्याही ध्यानात आलेली होती. “परीक्षेत विचारलेलं एक औषध मी इथं रोज देते,” ती म्हणाली, “आणि उत्तर देताना माझा गोंधळ झाला. आता देताना दोनदा वाचून बघते.”

आम्हांस वाटते, तिच्या या वाचून पाहण्यात त्या कठीण इच्छेचा काही अंश आहे. निकालावर त्याचा परिणाम होणार नाही हे ती जाणते. वॉर्डातल्या माणसावर होतो.

येथे त्या परीक्षेची एक गोष्ट सांगावयाची राहिली. अनुत्तीर्ण झालेलीस ४५ दिवसांनी पुन्हा बसता येते, आणि तिच्या हाती एक तपशीलवार अहवाल दिला जातो: कोणत्या विषयात ती रेषेच्या वर होती, कोणत्यात जवळ, कोणत्यात खाली. उत्तीर्ण झालेलीस मात्र असा अहवाल मिळत नाही.