भीती घरात येते कुठून?

महाराष्ट्रात ज्यूंना कधी त्रास झाला नाही, हे आपण अभिमानानं सांगतो आणि ते बहुतांशी खरंही आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला पूर्वजांचं गलबत फुटलं, अशी बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, आठवण आहे. पुढं ते कोकणात तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं आणि विषय तिथंच संपला. किहीमकर, पेणकर अशी गावावरून आडनावं पडली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 साली मुंबईत सिनेगॉग उभारलं. एवढ्या पिढ्यांत या घरांना शेजाऱ्याची धास्ती कधी शिकवावी लागली नाही.

युरोपातल्या ज्यू घरांत ती न शिकवताच पोरांपर्यंत पोचत होती. पण हे मान्य व्हायला वेळ लागला. 1950च्या दशकात पश्चिम जर्मनीत नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा झाला, तेव्हा अर्ज तपासणाऱ्या अनेक डॉक्टरांचं म्हणणं होतं की धडधाकट माणूस संकट टळल्यावर सावरतोच. सावरला नाही तर दोष त्याच्या मूळच्या प्रकृतीत. झोप उडालेल्या माणसालाच जबाबदार धरायचं, आणि तेही सरकारी शिक्क्यानिशी! जर्मनीतून निसटून न्यूयॉर्कला गेलेल्या विल्यम नीडरलँडसारख्या मनोविकारतज्ज्ञांनी या अर्जदारांना तपासून उलट निदान मांडलं. 1961 मध्ये जेरुसलेमला नाझी अधिकारी आइकमनवर खटला चालला. साक्षीदार बोलू लागले आणि कित्येक मुलांना आपल्या आईबापांच्या पिढीचं काय झालं ते पहिल्यांदा कळलं.

1966 मध्ये माँट्रियलचे मनोविकारतज्ज्ञ व्हिव्हियन राकॉफ यांनी पुढचा प्रश्न विचारला. वाचलेल्यांची, स्वतः छावणी न पाहिलेली मुलं आपल्याकडं उपचाराला का येतात? या मुलांच्या घरात पाव टाकून द्यायचा नाही, दारावर थाप पडली की आई गप्प, मुलाचं नाव गेलेल्या काकाचं, आणि त्या काकांविषयी कोणी बोलायचं नाही. लेखिका हेलन एपस्टाईन यांनी 1979च्या पुस्तकात अशा मुलांना बोलतं केलं. पुढं हे शोध रक्तापर्यंत पोचले. संशोधक रेचल येहुदा यांचा 2016चा अभ्यास जगभर गाजला, कारण आघाताची खूण जनुकांवरून पुढच्या पिढीत उतरते असा त्याचा अर्थ लावला गेला. तपासलेली माणसं होती 32 आणि त्यांची मुलं 22. एवढ्याशा आधारावर एवढी मोठी इमारत चढवायला माझं मन धजत नाही.

माझी खरी अडचण मात्र आकड्यांची नाही. ही कल्पना जसजशी शरीरात खोल गेली, तसतसा घाव घालणारा नजरेआड झाला. भीती घराण्यात वाहते असं म्हटलं की ती घराण्याची व्याधी होते. पोलंडमध्ये युद्ध संपल्यावर, 4 जुलै 1946 रोजी, किएल्त्से शहरात जमावानं 42 ज्यूंना मारलं. 1968 मध्ये खुद्द सरकारनं मोहीम उघडली आणि सुमारे 13 हजार ज्यू देश सोडून गेले. अशा देशात आईबापांनी मुलांपासून आपलं ज्यूपण लपवलं, तर त्याला जुन्या आघाताचा अवशेष म्हणायचं की शहाणपण?

हाच प्रश्न आपल्या बेने इस्राएलांना वेगळ्या रूपात भेटला. द्वेषाचा वारसा नसलेली ही माणसं इस्राएलला गेली आणि तिथं 1962 मध्ये धर्मपीठानं त्यांच्या लग्नांसाठी पूर्वजांची चौकशी करण्याचा फतवा काढला. कोकणात ज्यांना ज्यू असल्याचा पुरावा कोणी मागितला नाही, त्यांना ज्यूंच्याच देशात वंशावळ काढून दाखवायची होती. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्ट 1964 मध्ये संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचा ठराव केला. माझ्या दृष्टीनं यात मोलाचं हे की त्यांनी आपला अपमान घरात पुरून ठेवला नाही. ज्यानं केला त्याच्या दारात नेऊन ठेवला.

कोल्हापूरकरांनी या सगळ्याकडं आणखी एका कारणासाठी बघायला हवं. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सोव्हिएत रशियातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ते गेल्यावर फाळणीनंतर आलेले सिंधी तिथं वसले आणि गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. महावीर उद्यानात पोलिश स्मारक आहे. वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे, 2024च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथं आदरांजली वाहिली. छावणीत वाढलेल्यांची मुलं-नातवंडं अजून कोल्हापूर बघायला येतात, कारण त्यांच्या घरांत सैबेरियाची उपासमार आणि वळिवड्याचं ऊन दोन्ही मोकळेपणानं सांगितलं गेलं.

या पाहुण्यांत ज्यू फारच थोडे, आणि त्याचं कारण 1942 मध्ये कास्पियन समुद्राकाठी सापडतं. सोव्हिएत रशियातून पोलिश जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर सुमारे 1 लाख 15 हजार पोलिश नागरिक इराणला बाहेर पडले. त्यांत ज्यू सहा हजारांच्या आसपास होते. रशियात नेलेल्या पोलिश नागरिकांत त्यांचं प्रमाण याहून कितीतरी जास्त होतं. सोव्हिएत अधिकारी त्यांना पोलिश मानायला तयार नव्हते आणि पोलिश भरती मंडळंही त्यांना परत पाठवत होती. अधिक दोष कोणाचा, यावर इतिहासकार अजून भांडतात. निसटलेल्यांपैकी आठशेच्या वर ज्यू मुलं, बहुतेक पोरकी, तेहरानला पोचली. इराकनं वाट दिली नाही म्हणून ती बोटीनं कराचीमार्गे सुवेझला आणि तिथून फेब्रुवारी 1943 मध्ये पॅलेस्टाइनला गेली.

वळिवड्याची गोष्ट आपण कोल्हापूरच्या पाहुणचाराची म्हणून सांगतो. ती तशी आहेच, सांगायलाही हवी. पण शाळेच्या सहली तिथं नेणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: जे इथवर पोचले त्यांच्याबरोबर, ज्यांना कास्पियनकाठी जहाजावर चढू दिलं नाही त्यांच्याविषयीही मुलांना चार वाक्यं सांगा.