आतला कंडेन्सर

जगात दोनच गोष्टी खऱ्या, असं मी मानत आलो: जमा आणि नावे. बी.कॉम.ला तेवढंच शिकवलं आणि वाशीमच्या बँकेत काउंटरवर इतकी वर्षं तेवढंच पुरलं. त्यामुळे परवा आमच्या चिरंजिवांनी 'इनपुट-आउटपुट' सुरू केलं, तेव्हा मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

चिरंजीव इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. पूर्वी अशी मुलं घरातला रेडिओ उघडत आणि तो रेडिओ पुन्हा बोलत नसे. हल्ली सर्किट संगणकावरच जोडतात. चुकलं तरी जळका वास येत नाही. मुंबईच्या आयआयटीने 'ईसिम' नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठी फुकट दिलं आहे. फुकट म्हटल्यावर माझा आदर दुणावला. त्याच्या पोटात जे गणित चालतं त्याचा मूळपुरुष म्हणजे 'स्पाइस'. तो १९७३ साली अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठातून बाहेर पडला.

"बाबा, ही बंद डबी समजा," चिरंजीव म्हणाले. "आत काय आहे ते बघायचं नाही. आत टाकलं काय, बाहेर आलं काय, एवढं जुळलं की मॉडेल पास."

त्यांनी ५ व्होल्ट दिले, बाहेर ५ आले. मॉडेल ठरलं: जेवढं आत, तेवढं बाहेर. दुसऱ्या दिवशी सरांनी तोच प्रवाह चालू-बंद करून दाखवायला सांगितला आणि मॉडेल आडवं झालं. डबीत १ किलोओहमचा रोध आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. म्हणजे आपल्या पंख्यातल्या कंडेन्सरचा धाकटा भाऊ. तो वीज साठवतो. ५ व्होल्ट दिले तरी एक मिलिसेकंदानंतर बाहेर जेमतेम ३.१६ दिसतात, पाच मिलिसेकंदांनी जवळजवळ पुरे. बटण बंद केलं तरी साठलेलं हळूहळूच उतरतं. मात्र व्होल्टेज एकसारखं ठेवून थोडं थांबलात, तर आत कंडेन्सर आहे की नुसती तार, हे बाहेरून ओळखू येत नाही.

उशिराच्या आउटपुटचं आम्हाला काय कौतुक! १९०५ साली मोडलेला वाशीम जिल्हा १९९८ साली परत झाला. पण त्या 'ओळखू येत नाही'ने माझी झोप उडवली. मला आमच्या काउंटरवर निराधार योजनेचे पैसे न्यायला येणारे एक आजोबा आठवले.

यंत्रावर अंगठा ठेवायचा. यंत्र म्हणायचं, जुळत नाही. मी म्हणायचो, "उद्या या." ते म्हणायचे, "बरं साहेब." तीन खेपा हेच. इनपुट एक, आउटपुट एक. मी मनात मॉडेल पास करून टाकलं: म्हाताऱ्याला सवड आहे.

चौथ्या खेपेला ते अंगठा वर धरून म्हणाले, "साहेब, चाळीस वर्सं वखर हाकला ह्या हातानं. घासला असन थो. उद्या काय नवा येनार हाय?"

आवाज चढलेला नव्हता. पण त्या तीन 'बरं साहेब'मध्ये तीन वेळचं एसटीभाडं आणि उपास साठला होता, तो मला दिसलाच नव्हता.

आता माझ्या बाजूने सांगायचं तर मला प्रत्येक वेळी आतून फार वाईट वाटत होतं. अगदी गलबलून येत होतं. पण हिशेब मांडून बघा: आजोबांच्या पदरात पडलं ते 'उद्या या' एवढंच. माझ्या जागी कळवळा नसलेलं यंत्र बसवलं असतं तरी त्यांना फरक कळला नसता. त्यांच्या आत काय साठलंय ते मी पाहिलं नाही आणि माझ्या आतलं त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. दुसऱ्याला नुसत्या आउटपुटवरून मापायचं आणि स्वतःला मात्र आतल्या भावनेवरून! अशी खतावणी मी परीक्षेत लिहिली असती तर नापास झालो असतो.

अंगठा जुळला नाही तर विथड्रॉवल स्लिपवर साक्षीदारासमोर अंगठा घेऊन, साहेबांची सही आणून पैसे देता येतात. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साहेबांची केबिन काउंटरपासून अकरा पावलांवर आहे. चौथ्या खेपेला मी ती चाललो.

तेव्हापासून 'बरं' या शब्दाची मला धास्ती बसली आहे. काल रात्री सौभाग्यवतींना म्हटलं, "अजून एक कप चहा होईल का?" त्या म्हणाल्या, "बरं."

मी मुकाट्याने उठलो आणि आधण ठेवलं. दोन कपांचं.