अक्षर कोणाचे?

एखाद्याला वाचावयास शिकविणे म्हणजे त्याला नेमके काय देणे? आपण म्हणतो, ज्ञान. मला वाटते, त्यासोबत आपण प्रश्न विचारण्याचा अधिकारही देतो.

1855 साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. मातंग समाजातील ही मुलगी पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकली. वय अवघे चौदाच्या आसपास. तिने मांग-महारांचे दुःख मांडले, पण तेथेच ती थांबली नाही. वेद ब्राह्मणांचेच असतील, तर आम्हांला धर्मपुस्तकच नाही. मग आमचा धर्म कोणता, असे तिने थेट देवालाच विचारले. दुःख तिच्या वाडवडिलांनीही भोगले होते. अक्षर हाती आल्यावर तिने त्याचा जाब मागितला.

शास्त्राचे भाषांतर करताना हा निबंध मला अस्वस्थ करतो. आपण वाचक घडवितो, ते पुष्कळदा त्याने आपलेच म्हणणे वाचावे म्हणून. फिलिप्पाने रथातील कूशी अधिकाऱ्याला, वाचता ते समजते काय, असे विचारले खरे; परंतु पुढचे प्रश्न त्या अधिकाऱ्याचे होते. मला बाप्तिस्मा घेण्यास अडचण कोणती, हाही त्याचाच. फिलिप्पाने त्याला अडविले नाही.

उद्या आपल्या मंडळीत एखादी मुक्ता उभी राहील आणि विचारील, "ख्रिस्तात सर्व एक, असे मी वाचले, मग सोयरीक जुळविताना जात का विचारता?" वाचकहो, तिला वाचावयास आपणच शिकविले असेल. तिला उत्तर देण्याची आपली तयारी आहे काय?