थांबणाऱ्यांचा वाटा

कल्याणहून ठाण्याकडे निघालेल्या लोकलच्या दारात लटकणारी पोरे पाहिली की मला एका इंग्रज ड्रमवादकाची आठवण येते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारातले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. जे वाचतात त्यांच्यापैकी कितीतरी जण हातपाय गमावून घरी येतात. त्यांतला एखादा वाजवणारा असला तर?

रिक ॲलन हा 'डेफ लेपर्ड' या रॉक बँडचा ड्रमवादक. ३१ डिसेंबर १९८४ रोजी शेफील्डजवळ मोटार अपघातात त्याचा डावा हात गेला. डॉक्टरांनी जोडला, पण जंतुसंसर्ग झाल्याने पुन्हा काढावा लागला. वय एकवीस. पुढे त्याच्यासाठी इलेक्ट्रॉनिक ड्रम बनवून घेतले गेले. डावा हात जे ठोके देई ते आता डावा पाय पेडल दाबून देऊ लागला. ऑगस्ट १९८६ मध्ये आयर्लंडमधल्या कार्यक्रमांना मदतीसाठी दुसरा ड्रमवादक सोबत घेतला होता. एका रात्री त्याला पोहोचायला उशीर झाला, ॲलनने एकट्याने वाजवले आणि मदतनिसाची गरज उरली नाही. त्याच महिन्यात डॉनिंग्टनच्या मोठ्या मैदानात तो एकटाच ड्रमवर बसला. १९८७ साली आलेल्या 'हिस्टेरिया' या अल्बमच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या.

आपण अशा माणसाला 'अपंगत्वावर मात करणारा' म्हणतो, टाळ्या वाजवतो आणि मोकळे होतो. जिद्द त्याची होतीच, ती कोण नाकारील? पण साथीदारांनी त्याची जागा दुसऱ्याला दिली नाही, हे आपण एका वाक्यात उरकतो. माझ्या मते नैतिक प्रश्न तिथेच आहे.

यावर कोणी म्हणेल, त्यांना थांबणे परवडत होते. खरे आहे. १९८३ च्या अल्बमने त्यांना भरपूर पैसा दिला होता. कल्याणमधल्या लग्नाच्या बँडला लग्नसराईतली सुपारी सोडणे परवडत नाही. साइड ड्रम वाजवणाऱ्याचा हात गेला तर मास्तर दुसऱ्याला बोलावणारच, त्याच्याही घरी चूल आहे. त्याला बेदर्द म्हणायला माझी जीभ रेटत नाही. (हमदर्दी दाखवणे सर्वांत स्वस्त, हे मी स्वतःवरूनही सांगतो.) सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर माणसाला काढून टाकता येत नाही, असे १९९५ च्या आणि नंतर २०१६ च्या कायद्याने ठरवले. म्हणजे थांबणे हे उपकार नसून देणे आहे, हे आपण कागदावर मान्य केले आहे. फक्त ते देणे सुपारीवर जगणाऱ्यापर्यंत पोहोचलेले नाही.

मास्तर थांबू शकत नसेल तर ते देणे कोणाकडे जाते? मला वाटते, ज्यांच्या वरातीत तो वाजवत होता त्यांच्याकडे, म्हणजे मोहल्ल्याकडे. आपण त्याला शिलाईचे यंत्र किंवा पानाची टपरी देऊ करतो, नेकीनेच. पण तुला अजून वाजवायचे आहे का, हे त्याला आधी विचारत नाही. पायाने वाजणारा ड्रम लग्नाच्या बँडमध्ये बसेल की नाही, मला ठाऊक नाही. बँड चालत जातो, ही अडचण मोठीच. ती सोडवायला मात्र त्याच्याशेजारी कोणीतरी बसले पाहिजे.