दोषांसकट जपलेले राजे

बापाची हरवलेली गाढवे शोधायला घराबाहेर पडलेल्या शौलाला वाटेत राजपद मिळाले. बायबलमध्ये इस्राएलच्या पहिल्या राजाची कहाणी सुरू होते ती अशी. काळ इ.स.पू. १००० च्या आसपासचा. शेजारच्या पलिष्टी लोकांचा दाब वाढलेला, इस्राएलचे वंश विखुरलेले. इतर राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा हवा, असा धोशा वडीलधाऱ्यांनी शमुवेल संदेष्ट्यामागे लावला. त्याने परोपरीने समजावले: राजा तुमची मुले रथांसाठी नेईल, मुलींना स्वयंपाकाला जुंपेल, चांगली शेते आपल्या चाकरांना वाटेल, धान्याचा दहावा हिस्सा उचलेल. लोकांनी ऐकले नाही.

राजपदाच्या जन्मकथेतच त्याविरुद्धची तक्रार नोंदवून ठेवणे ही त्या काळी विलक्षण गोष्ट होती. शेजारच्या मवाब देशातील मेशा राजाचा शिलालेख १८६८ मध्ये सापडला. त्यात राजाच्या लढाया आहेत, बांधकामे आहेत. त्याची स्वतःची चूक एकही नाही.

शौलानंतरचा राजा दावीद याचे तसे झाले नाही. आपला सैनिक उरीया रणांगणावर असताना दावीदाने त्याची पत्नी बथशेबा हिला राजवाड्यात आणवले आणि ती गरोदर राहिल्यावर उरीयाला लढाईच्या ऐन तोंडाशी उभे करून मारवले. मग नाथान संदेष्टा दरबारात आला. एका श्रीमंताने पाहुण्याच्या जेवणासाठी गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेतली, अशी गोष्ट त्याने सांगितली. राजा संतापला, तेव्हा तो श्रीमंत म्हणजे राजाच, हे नाथानाने तोंडावर सुनावले. नाथानाचे मस्तक धडावर राहिले आणि दावीदाने अपराध कबूल केला. सत्तेला जाब विचारण्याचा याहून धीट प्रसंग प्राचीन साहित्यात क्वचितच सापडेल.

अर्थात हे लेखन सगळीकडे निःपक्ष नाही. शौलाचा मत्सर, त्याचे भ्रमिष्टपण, गिलबोवा डोंगरावरचा त्याचा अंत हे सारे विजेत्या दावीदाच्या बाजूने सांगितलेले वाटते.

दावीदाचा मुलगा शलमोन याचे वैभव सर्वांना ठाऊक असते. पण मंदिराला ७ वर्षे लागली आणि त्याच्या राजवाड्याला १३, हे दोन आकडे बायबलमध्ये लागोपाठ येतात. लबानोनात लाकडासाठी ३०,००० माणसे वेठीला धरली गेली. त्याचा मुलगा रहबाम याने हे जू हलके करायला नकार दिला, तेव्हा वेठबिगारीवरच्या अधिकाऱ्याला लोकांनी दगडांनी ठेचून मारले आणि दहा वंश फुटून निघाले.

दावीदाचे राज्य केवढे होते, यावर पुरातत्त्वज्ञांचे एकमत नाही. त्याच्या घराण्याचा उल्लेख मात्र तेल दान येथे १९९३ मध्ये मिळालेल्या अरामी शिलालेखात आहे, तोही शत्रूने मिरवलेल्या विजयात.

पुढे ‘इतिहास’ या ग्रंथाच्या लेखकाने बथशेबाचे प्रकरण गाळून दावीदाला उजळ केले. तरीही ते प्रकरण सांगणारा शमुवेलाचा जुना ग्रंथ कोणी बाजूला काढला नाही. दोन्ही पवित्र मानले गेले. शिवाय ५१ व्या स्तोत्राच्या शीर्षकातच, बथशेबा प्रकरणानंतर नाथान आला तेव्हाचे हे दावीदाचे स्तोत्र, अशी नोंद आहे.