दैवाची जागा पाचवी

पूर ही देवाची करणी की माणसाची, हा प्रश्न नदीकाठच्या वस्तीइतकाच जुना आहे. मराठीने संकटांची वाटणी आधीच करून ठेवली आहे: काही अस्मानी, काही सुलतानी. अतिवृष्टी, गारपीट, वीज ही अस्मानी. जुलूम, लूट, सारावसुली ही सुलतानी. पूर मात्र या वाटणीत नीट बसत नाही. पाऊस आभाळातून पडतो हे खरे, पण त्याचे पाणी कोणाच्या ओट्यापर्यंत येणार आणि कोणाच्या माजघरात शिरणार हे जमिनीवर ठरते. जमिनीचे तुकडे पाडणे, बिनशेती परवानगी देणे, नाला वळवणे आणि भराव टाकणे ही कामे माणसेच करतात. म्हणून पूरक्षेत्र, पुराची जोखीम आणि पुराचा विमा हे अभियंत्यांचे आणि विमा कंपन्यांचे विषय असले, तरी त्यांच्या मुळाशी दैव आणि प्रयत्न यांच्या सीमेचा जुना तात्त्विक प्रश्न आहे.

जळगाव आणि भुसावळ या दोन शहरांच्या मध्ये महामार्गावर वसलेले नशिराबाद या प्रश्नाचे जवळचे उदाहरण आहे. पूर्वीचे मोठे खेडे, आता नगरपरिषद. जुन्या मशिदी, मंदिरे आणि दाट गावठाण, भोवती प्लॉट पडलेली शेते. गावापासून भुसावळकडे जाताना साकेगावच्या अलीकडे वाघूर नदीचा पूल लागतो. वाघूर अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, जामनेर तालुक्यातून येते आणि पुढे तापीला मिळते. जळगाव जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सरासरी ७०० मिलीमीटरच्या आसपास. त्यामुळे इथे दुष्काळाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि पुराची दोन पावसाळ्यांत पुसली जाते. वर्षातले बरेच महिने कोरडे दिसणारे पात्र लोकांना मोकळी जागा वाटू लागते.

प्रत्यक्षात या भागात पाणी तीन वाटांनी येते. डोंगरात एका रात्रीत धो धो पाऊस झाला की नदी काही तासांत चढते. वरचे वाघूर धरण भरलेले असेल तर दरवाजे उघडून विसर्ग करावा लागतो. तिसरी वाट तापीची: हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले आणि तापी दुथडी भरली की उपनद्यांचे पाणी मुखाशी अडते आणि मागे फुगवटा येतो. याशिवाय काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही. त्यामुळे नदीपासून दूर असलेल्या वसाहतीतही, नाला बुजवलेला असेल तर, रस्त्याचाच ओढा होतो.

जुन्या गावांना हे ठाऊक होते. गावाची जमीन पांढरी आणि काळी अशा दोन भागांत ओळखली जाई. पांढरीवर, म्हणजे सहसा उंचवट्यावर, घरे, काळीत पिके. आजची उपनगरे बहुतेक काळीत उतरली आहेत. याच वाघूरच्या वरच्या अंगाला याहून जुना दाखला आहे. अजिंठ्याची लेणी नदीच्या नालाकृती वळणावर, पात्रापासून सुमारे १० ते ३३ मीटर उंचीवर कोरलेली आहेत. बौद्ध भिक्षू पावसाळ्यात भटकंती थांबवून एका जागी वर्षावास करत. सगळे काही अनित्य आहे अशी शिकवण देणाऱ्यांनी आपला निवारा मात्र पुराच्या वर कोरला. अनित्यता मान्य करणे म्हणजे पाण्याच्या वाटेत जाऊन बसणे नव्हे, हे त्या कड्यावर दिसते.

आजची पांढरी-काळी म्हणजे पूररेषा. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही काठांवर दोन रेषा आखतो. निळी रेषा ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपात्र आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध क्षेत्र: तिथे शेती, बाग, मैदान असे मोकळे वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित क्षेत्र. राज्यासाठी २०२० साली मंजूर झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार तिथे अटींवर बांधकाम करता येते. जोत्याची पातळी लाल रेषेच्या पाणीपातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवावी लागते.

‘शंभर वर्षांचा पूर’ या शब्दांनी मात्र मोठा गैरसमज केला आहे. एकदा येऊन गेला की आता शंभर वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ लावला जातो. खरा अर्थ असा, की त्या पातळीचा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का आहे, आणि ती दर पावसाळ्यात नव्याने लागू होते. या हिशेबाने ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात लाल रेषेवरच्या घरात पाणी येण्याची शक्यता २६ टक्के निघते, म्हणजे साधारण चारात एक. निळ्या रेषेवरच्या घराला तीच शक्यता ७१ टक्के. शंभर वर्षांतसुद्धा लाल रेषेपर्यंतचा पूर येईलच असे नाही. शक्यता ६३ टक्के. नदीला कोणाची पाळी कधी आली याची वही ठेवता येत नाही.

इथे गणित थांबते आणि तत्त्वज्ञानाचा प्रश्न उभा राहतो. हजार घरांबद्दल नेमके सांगता येते, एका घराबद्दल काहीच सांगता येत नाही. त्या एका घराच्या वाट्याला जे येते त्याला परंपरेने दैव म्हटले. पण परंपरेने दैवाला सगळी जागा दिली नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना तऱ्हेच्या चेष्टा आणि पाचवे दैव. पुराला ही मांडणी लावून पाहता येते. अधिष्ठान म्हणजे जागा: सखल की उंच. कर्ता म्हणजे बांधणारा, विकणारा आणि परवानगी देणारा. साधने म्हणजे धरण, पूल, मोरी, गटार. चेष्टा म्हणजे दरवाजे केव्हा उघडले, इशारा केव्हा दिला, नाल्यातला गाळ काढला की नाही. या चारांनंतर उरते ते दैव. त्याच अध्यायात लगेच पुढे असेही सांगितले आहे, की जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी. म्हणजे सगळे दैवावर टाकणारा जसा चुकतो, तसा भिंत बांधून नदी जिंकली असे समजणाराही चुकतो. याज्ञवल्क्य स्मृतीत हाच विचार रथाच्या उपमेने येतो: एका चाकावर रथ चालत नाही, तसे प्रयत्नाशिवाय दैव फळत नाही.

बौद्ध विचारातील प्रतीत्यसमुत्पाद आणखी एक पाऊल पुढे जातो. कोणतीही घटना कारणांच्या जुळणीतून उद्भवते आणि त्यातले एखादे कारण काढून घेतले तर घटनाही टळते किंवा बदलते. इस्लाममध्ये तकदीरवर विश्वास हा श्रद्धेचा भाग आहे. तरीही तिर्मिझीच्या संग्रहातील एक प्रसिद्ध हदीस आधी उंट बांधण्यास सांगते आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवण्यास. हा भरवसा, म्हणजे तवक्कुल, उपायानंतर येते, उपायाऐवजी नव्हे. नशिराबादच्या मशिदीत, मंदिरात आणि अजिंठ्याच्या विहारात देव-दैवाविषयी एकमत होणार नाही. पण हातातले काम आधी करावे, यावर तिघांचा रोख एकच आहे.

३०-३१ ऑगस्ट २०२१ च्या रात्री जळगाव जिल्ह्यातल्याच चाळीसगावात गीतेतली ही पाचही कारणे एकत्र आली. पाटणादेवी परिसरातील डोंगरात अतिवृष्टी झाली, तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, पाणी शहराच्या बाजारपेठेत शिरले, कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली आणि आसपासच्या गावांत गोठ्यात बांधलेली जनावरे वाहून गेली. डोंगरावर किती पाऊस पडावा हे कोणाच्या हाती नव्हते. पण गुरांच्या मरणात दैवाबरोबर दावणीची गाठही होती: इशारा वेळेत पोचला तर गाठ सोडता येते. दैव आणि चेष्टा यांची सीमा कधी कधी एवढ्या बारीक जागी असते.

पूर ही शिक्षा आहे का, हा या प्रश्नाचा दुसरा पदर. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले. रवींद्रनाथ टागोरांनी, अस्पृश्यतेला विरोध असूनही, या विधानावर जाहीर आक्षेप घेतला: भौतिक आपत्तीचे कारण भौतिकच असते आणि नैतिक तत्त्वे अशा घटनांना जोडणे घातक आहे. त्याआधी १७५५ च्या लिस्बन भूकंपानंतर व्होल्तेअरने ईश्वराच्या न्यायावर प्रश्न उभा केला, तेव्हा रूसोने १७५६ मध्ये त्याला लिहिले, की एवढी उंच घरे त्या जागी दाटीने निसर्गाने बांधली नव्हती. शिक्षेचा सिद्धान्त पुरापुढे टिकत नाही, कारण पाणी पापाची उंची पाहत नाही, जोत्याची पाहते. सखल जागा स्वस्त असते आणि स्वस्त जागेवर गरीब राहतो. त्याच्या घरात पाणी आधी शिरते. याला त्याचे कर्म म्हणणे म्हणजे ज्यांनी तो प्लॉट पाडला त्यांचे कर्म त्याच्या खात्यावर लिहिणे.

कायद्यातही ‘देवाची करणी’ हा बचाव आहे, पण अरुंद. गुजरातमधील एका जलाशयातून सोडलेल्या पाण्याने शेतकऱ्यांच्या बागांचे नुकसान झाले, त्या प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा हा बचाव मान्य केला नाही. पाऊस दैवी असला तरी साठवलेले पाणी सांभाळणे मानवी आहे.

चार कारणे सांभाळूनही पाचवे उरतेच. त्या उरलेल्या भागासाठी विमा. तत्त्व साधे आहे: समजा शंभर घरांपैकी दर वर्षी सरासरी एका घराचे १० लाखांचे नुकसान होते. प्रत्येकाने वर्षाला १० हजार घातले तर कोणा एकावर डोंगर कोसळत नाही. हे भिशीसारखे दिसते, पण पुराला गावची भिशी पुरत नाही. आग एका घराला लागते आणि शेजारी धावतात. पुरात शेजारीही पाण्यात असतो. म्हणून नशिराबादची जोखीम रत्नागिरी आणि नांदेडशी, आणि पुनर्विम्याच्या वाटेने देशाबाहेरही वाटावी लागते. ज्याला कधी पाहणार नाही अशा माणसाचा भार उचलणे, हे दानाचे एक निर्विकार रूप आहे.

भारतात घरासाठी पुराचा वेगळा विमा सहसा घेतला जात नाही. आगीच्या विम्यातच पूर येतो. विमा नियामकाच्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून सामान्य विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देतात. तिच्यात आग, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी तुंबणे यांपासून संरक्षण आहे. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जमिनीच्या भावावर नाही. घरातील सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत आपोआप संरक्षण मिळते. हळूहळू चढणारी ओल आणि जुनी गळती यांची भरपाई मिळत नाही. लहान दुकाने आणि उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. मोटारीच्या केवळ थर्ड पार्टी विम्यात आपल्याच गाडीचे पुरातले नुकसान येत नाही. आणि पाण्यात उभी गाडी चालू केल्याने इंजिन बिघडले, तर साध्या सर्वसमावेशक पॉलिसीतही दावा नाकारला जाऊ शकतो.

विम्यावर धार्मिक आक्षेपही आहेत. ‘देवावर भरवसा आहे, विमा कशाला’ हा आक्षेप उंट बांधण्याच्या शिकवणीपुढे टिकत नाही. इस्लामी धर्मशास्त्राचा आक्षेप अधिक नेमका आहे: व्यापारी विम्यात अनिश्चितता, जुगाराचा अंश आणि व्याज येते. १९८५ मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने व्यापारी विमा अमान्य ठरवला आणि परस्पर साहाय्यावर उभा सहकारी विमा मान्य केला. तकाफुल या पद्धतीत हप्ता हा सौदा नसून एकमेकांना दिलेले दान मानले जाते. म्हणजे आक्षेप जोखीम वाटून घेण्यावर नाही, तिच्या व्यापारावर आहे.

विम्याचा खरा धोका वेगळाच आहे: तो प्रायश्चित्तासारखा वापरला जातो. विमा आहे म्हणून नाल्यात भराव, विमा आहे म्हणून निळ्या रेषेत पक्के बांधकाम. वरच्या उदाहरणात लाल रेषेवर १० हजार पडणारा वाटा निळ्या रेषेवर ४० हजार होतो. तो विकणाऱ्याला भरावा लागत नाही, राहणाऱ्याला किंवा सगळ्यांना मिळून भरावा लागतो. विमा नुकसान भरून देतो, नदीची वाट बदलून देत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पुराच्या प्रकरणी नदीची पर्वकाळी पूजा सांगितली आहे, पावसाळ्यात काठावरच्यांनी उंचावर जावे असे सांगितले आहे, फळ्या, बांबू, नावा जवळ ठेवण्यास सांगितले आहे आणि वाहून जाणाऱ्याला साधन असून मदत न करणाऱ्यास दंड ठेवला आहे. पूजा आणि फळी एकाच प्रकरणात आहेत. आजही प्लॉट घेताना दिशा, दार आणि मुहूर्त पाहणारे पुष्कळ असतात. त्याच यादीत तीन गोष्टी याव्यात: नगरपरिषदेच्या विकास आराखड्यातील आणि जलसंपदा विभागाच्या नकाशातील पूररेषा, जोत्याची उंची, आणि विम्याचा कागद. वास्तुशांती त्यानंतर करावी.