गाणं गुन्हा असतं का?

2 एप्रिल 2013. पुण्याच्या कबीर कला मंचाचे शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. शरणागती नव्हे, सत्याग्रह, असं त्यांचं म्हणणं. आरोप नक्षली संबंधांचा, कायदा यूएपीए. गरोदर शीतलना जूनमध्ये जामीन मिळाला. सचिनना थेट जानेवारी 2017 मध्ये.

आलापल्लीतून हा प्रश्न अवघड दिसतो. या जंगलपट्ट्यात नक्षल्यांचीही गाणी गावात यायची, पण शेजारी बंदूक असायची. आवडलं नाही तरी उठून कसं जाणार? पुण्यातल्या चौकातून मात्र कुणीही निघून जाऊ शकतो.

म्हणून गुन्हा शब्दांत शोधू नये. ऐकणाऱ्याला उठायची मुभा होती का, ते बघावं. आणि नावडत्या गाण्यासाठी गाणाऱ्यालाच उचललं, तर गाण्याशेजारी पुन्हा बंदूकच उभी राहते. फक्त गणवेश बदलतो.